जुना फोटो हातात आला की आधी पुठ्ठा बघा

पानगळ

जुना फोटो हातात आला की आपण सगळे चेहऱ्यात गुंततो. नाक कुणासारखं, डोळे कुणाचे, पगडी कुठली. तारीख काढायची असेल तर मात्र चेहरा थोडा वेळ बाजूला ठेवा. फोटो ज्यावर डकवलाय तो पुठ्ठा बघा, मग तो उलटा करून पाठ बघा. साधारण १८६० ते १९१० या काळातल्या स्टुडिओतल्या फोटोंसाठी इतकं हाताशी असलेलं दुसरं साधन मला माहीत नाही.

मुळात पुठ्ठा लागायचाच कशाला? त्या काळच्या बहुतेक प्रती अल्ब्युमेन कागदावर निघत. लुई देझिरे ब्लांकार-एव्रार याने १८५० मध्ये हा कागद पुढे आणला. पातळ कागद, त्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर आणि त्यात चांदीचे क्षार. वाळला की त्याची सुरळी व्हायची, म्हणून जाड कार्डावर डकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ही कार्डं छायाचित्रकार स्वतः बनवत नसत. छापखाने ती गठ्ठ्यांनी छापत, हवं तर स्टुडिओचं नाव-पत्ता टाकून देत. विकाऊ माल म्हटला की त्यात नवे नमुने येणार, जुने मागे पडणार. आपल्याला तारीख मिळते ती या उलाढालीमुळे.

पहिला मोठा प्रकार कार्त द व्हिझिट, म्हणजे भेटकार्डाच्या आकाराचं फोटोकार्ड. पॅरिसच्या आंद्रे आदोल्फ-यूजेन दिस्देरी याने नोव्हेंबर १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. निगेटिव्हच्या एकाच काचेवर अनेक छोट्या छबी घ्यायच्या, एकदम छापायच्या आणि कापून वेगवेगळ्या डकवायच्या. पेटंट १८५४ चं असलं तरी खरी लाट आली १८६० च्या आसपास. ऑगस्ट १८६० मध्ये लंडनचा छायाचित्रकार मेयॉल याने राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या कुटुंबाच्या छबींचा संच विक्रीला काढला, आणि मग घरोघरी आल्बम आले. हे कार्ड अंदाजे ६३ बाय १०० मिलिमीटरचं असतं.

सुरुवातीची कार्डं ओळखायला सोपी. पांढरा किंवा फिका पुठ्ठा, बोटांना वाकेल इतका पातळ, कोपरे काटकोनात. फोटोभोवती काही नाही, फार तर एक-दोन बारीक सोनेरी रेघा. पाठ कोरी, नाहीतर मधोमध दोन-तीन ओळींत नाव आणि पत्ता. माणूस नखशिखांत उभा, चेहरा करंगळीच्या नखाएवढा, बाजूला एखादा कठडा आणि पडदा.

१८७० नंतर कोपरे गोल व्हायला लागतात. आल्बमच्या खाचेत कार्ड सरकवताना टोकदार कोपरा दुमडतो, खाच फाटते. गोल कोपऱ्याने ती कटकट मिटते. पाठीवर याच सुमाराला सजावट चढते: फिती, वेलबुट्टी, राजचिन्हं, रंगाची पाटी आणि कुंचला घेतलेली छोटी मुलं. नावाला 'कलाकार आणि छायाचित्रकार' अशी जोड मिळते. १८८० च्या दशकात तर नाव तिरकं, वळणदार अक्षरांत अख्खी पाठ व्यापतं, मागे बांबू, पंखे, उडते पक्षी. पुठ्ठा जाड झालेला असतो, कड उतरती तासून तिला सोनेरी मुलामा दिलेला असतो. गर्द हिरवी, किरमिजी, काळी कार्डं दिसू लागतात. १८९० च्या आसपास कडेला कंगोरे पाडायची टूम निघते. शतक संपताना हा सगळा भपका ओसरतो, आणि मोठ्या राखाडी किंवा तपकिरी मॅट पुठ्ठ्यावर रंगाशिवाय नुसता उठावाचा ठसा राहतो.

कॅबिनेट कार्ड वेगळं. १०८ बाय १६५ मिलिमीटरचा हा आकार १८६६ मध्ये लंडनमध्ये बाजारात आला. एखाद्या कॅबिनेट कार्डावर कुणी पेन्सिलीने '१८६१' लिहून ठेवलं असेल तर ते साल त्या कार्डाचं असू शकत नाही. माणसाच्या जन्माचं असेल, लग्नाचं असेल, किंवा मागाहून केलेला अंदाज असेल.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. पुठ्ठा नेमकं साल सांगत नाही, 'याच्या आधीचा नाही' एवढंच खात्रीने सांगतो. गोल कोपरा १८७२ मध्ये असेल, १८९२ मध्येही असेल, पण १८६१ मध्ये असण्याची शक्यता जवळजवळ नाही. शिवाय पुठ्ठ्यावरून जी तारीख निघते ती त्या प्रतीची असते. काच कॅमेऱ्यात कधी ठेवली गेली हा वेगळा प्रश्न आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पुढची सगळी वंशावळ चुकते. नेटवर 'सुमारे १८६५' अशा बेधडक मथळ्याखाली कंगोऱ्यांची सोनेरी कार्डं बघितली की वाईट वाटतं, कारण ती माहिती पुढे कुणीतरी खरी धरून चालतं.

तुमच्याकडची कार्डं सांगा. दोन्ही बाजू, मापं, जाडी, जे जमेल ते.

---

अभ्रक

सुरेख धागा, वाचनखूण साठवली. लगेच प्रश्न.

माझ्याकडे एक कॅबिनेट कार्ड आहे. किरमिजी पुठ्ठा, सोनेरी उतरती कड, खाली सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव. पाठीवर दोन पदकांची चित्रं, त्यातल्या एकात १८८९ स्पष्ट वाचता येतं. पण फोटोतल्या बाईचा पोशाख १८६० च्या दशकातला वाटतो. घंटेसारखा फुललेला घेरदार झगा, केस मधोमध भांग पाडून कानांवरून चापून बसवलेले. पोशाखावर विश्वास ठेवू की पुठ्ठ्यावर?

---

पानगळ

अभ्रक, दोघांवरही ठेवा. दोघंही खरं सांगत असण्याची दाट शक्यता आहे.

पदकावर १८८९ आहे म्हणजे पुठ्ठा त्याच्या आधी छापलेला असणं अशक्य. आणि तुम्ही म्हणता तो झगा १८६० च्या दशकात जोरात होता, १८८९ मध्ये तसा कपडा घालून कुणी हौसेने स्टुडिओत गेलं असेल असं वाटत नाही. मग उरतो एकच सरळ मार्ग: हा जुन्या फोटोचा फोटो आहे. बाई वारली असेल, मुलांना प्रत्येकी एक प्रत हवी असेल, म्हणून जुनं कार्ड घेऊन कुणीतरी स्टुडिओत गेलं. हे काम स्टुडिओ सर्रास करत. जुन्या चित्रांच्या नकला करून मिळतील, असं पाठीवर छापलेलंही आढळतं.

आता भिंग घ्या आणि चार गोष्टी तपासा. चेहऱ्यावरचे बारकावे बोथट आहेत का? सावल्या एकदम काळ्या आणि उजेड एकदम पांढरा झालाय का? फोटोच्या कडेला आत आणखी एक कड दिसते का, मूळ कार्डाची किंवा अंडाकृती चौकटीची? आणि मूळ प्रत टाचणीने भिंतीला लावली असेल तर वरच्या कोपऱ्यांत टाचणीची डोकी किंवा त्यांच्या सावल्या सापडतात.

---

तांबट

पदकांचा मुद्दा निघालाच आहे तर थोडी भर. पाठीवर प्रदर्शनांची नावं आणि सालं असतील तर त्यांतलं सगळ्यात अलीकडचं धरायचं. लंडन १८६२, पॅरिस १८६७, व्हिएन्ना १८७३, फिलाडेल्फिया १८७६, पॅरिस १८७८ आणि पुन्हा १८८९, शिकागो १८९३ ही मोठी प्रदर्शनं, त्यांची पदकं सारखी भेटतात. स्टुडिओला नवं पदक मिळालं की पुढच्या छपाईत ते लगेच चढणार, मग यादीत नसलेल्या पदकावरून वरची मर्यादाही अंदाजे ठरवता येते. हा अंदाजच, पण उपयोगी.

पाठीवरचे बारीक शब्दही बघा. राणीचा उल्लेख 'एम्प्रेस' म्हणून आला असेल तर कार्ड १ जानेवारी १८७७ च्या अलीकडचं, कारण तो किताब त्या दिवशी जाहीर झाला. विजेच्या दिव्यावर फोटो काढतो अशी जाहिरात असेल तर १८७७ च्या आधी जायचं कारण नाही. त्या वर्षी व्हॅन डर वाइड या छायाचित्रकाराने लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर विजेच्या उजेडाचा स्टुडिओ उघडला. टेलिफोनचा क्रमांक असेल तर आणखी पुढे या.

आणि अमेरिकेतल्या कार्डांसाठी एक खास गोष्ट. तिथल्या यादवी युद्धाचा खर्च भागवायला फोटोंवर कर बसवला होता, १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६. छायाचित्रकाराने कार्डाच्या पाठीवर महसुली तिकीट लावायचं आणि ते पुन्हा वापरता येऊ नये म्हणून शाईने त्यावर आद्याक्षरं नि तारीख घालायची. २५ सेंटांपर्यंतच्या फोटोला दोन सेंटांचं तिकीट, त्यावर ५० पर्यंत तीन सेंटांचं, पुढे एक डॉलरपर्यंत पाच सेंटांचं. फोटोंसाठी वेगळं तिकीट काढलेलंच नव्हतं, म्हणून धनादेशांची, पत्त्यांच्या कॅटांची, जे मिळेल ते तिकीट चिकटवलेलं दिसतं.

माझ्या संग्रहात असं एक आहे. पातळ पिवळसर कार्ड, काटकोनी कोपरे, दोन सोनेरी रेघा, आणि पाठीच्या मध्याच्या जरा खाली निळं दोन सेंटांचं तिकीट. शाई तपकिरी पडलीय, पेन तिकिटावरून घसरून पुठ्ठ्यावर आलंय, त्यामुळे तिकीट दुसऱ्या कार्डावरून काढून इथे डकवलेलं नाही हेही कळतं. आद्याक्षरांखाली महिना वाचता येतो: मार्च १८६५. हे नशीब क्वचित मिळतं. बहुतेकांनी नुसती पेनाने फुली मारून काम भागवलंय.

---

सांजवात

पानगळ, मांडणी आवडली, पण जाडीवर तुम्ही टाकलेला भार मला जास्त वाटतो. जाडीचा कल बरोबर आहे, काळ पुढे जातो तसा पुठ्ठा जाड होतो. पण स्वस्त स्टुडिओ १८८० च्या दशकातही पातळ कार्ड वापरत होते, आणि दमटपणाने पुठ्ठ्याचे थर सुटले की मापच बदलतं. रंगाचंही तसंच. पांढऱ्याचा पिवळा व्हायला फक्त वर्षं लागतात.

दुसरी अडचण उरलेल्या मालाची. छोट्या गावातला छायाचित्रकार हजार कार्डं एकदम मागवून ठेवायचा. ती संपेपर्यंत मोठ्या शहरात दोन नमुने जुने झालेले असायचे. दुकान दुसऱ्याने घेतलं तर आधीच्याचं नाव काट मारून किंवा वर चिठ्ठी चिकटवून तेच पुठ्ठे चालवलेले मी पाहिलेत.

म्हणून मी पुठ्ठ्याबरोबर प्रतीचा कागद तपासल्याशिवाय तारीख लिहीत नाही. भिंगाखाली अल्ब्युमेन प्रतीत कागदाचे धागे आरपार दिसतात, कारण बलकाचा थर पारदर्शक असतो. उजळ भाग पिवळट पडतात, पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगा असतात. जिलेटिन किंवा कोलोडियनच्या तयार कागदात प्रतिमेखाली बॅराइटा नावाच्या पांढऱ्या भुकटीचा थर असतो, तो धागे झाकून टाकतो. हे कागद १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पसरले आणि १८९० च्या दशकात त्यांनी अल्ब्युमेनला मागे सारलं. जिलेटिन प्रत तिरकी धरली की गडद भागात, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी झाक चमकते. ती दिसली की १८७० चं दशक विसरा, कार्ड कितीही जुन्या वळणाचं असो.

कार्डावर 'कार्बन' किंवा 'पर्मनंट' असं छापलेलं असेल तर मात्र वेगळा हिशेब. कार्बन छपाईत चांदी नसते, रंगद्रव्य असतं, त्यामुळे प्रत फिकी पडत नाही. दीडशे वर्षांची प्रत कालची वाटते, आणि नुसत्या तजेल्यावरून लोक तिला विसाव्या शतकात ढकलतात.

---

पानगळ

सांजवात, कागदाबद्दल शंभर टक्के सहमत, आणि इतकं नेटकं लिहिल्याबद्दल आभार. उरलेल्या मालाचा मुद्दा मात्र मला माझ्या बाजूचा वाटतो. जुना पुठ्ठा उशिरा वापरला गेला तर फोटो अंदाजापेक्षा अलीकडचा ठरतो, पण पुठ्ठा जन्मण्याआधी तो वापरता येत नाही. म्हणजे 'याच्या आधीचा नाही' ही मर्यादा जागची हलत नाही. हलते ती दुसरी बाजू. म्हणूनच मी एक साल लिहायचं टाळतो, 'या सालानंतर, बहुधा त्या सालापर्यंत' असं लिहितो.

आणि वरची बाजू आवळायला सगळ्यात भरवशाचा मला पत्ता वाटतो. स्टुडिओ जागा बदलत, भागीदार येत-जात, 'आणि मंडळी'चं 'आणि पुत्र' होई. शहरांच्या जुन्या व्यापारी निर्देशिका आता बऱ्याच ठिकाणी स्कॅन होऊन उपलब्ध आहेत. त्यांत तो स्टुडिओ त्या रस्त्यावर, त्या क्रमांकावर कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत आहे ते पाहायचं. वीस वर्षांचा पल्ला कधीकधी एका फटक्यात तीन वर्षांवर येतो.

पाठीवर हाताने लिहिलेला निगेटिव्हचा क्रमांक असेल तर तो जरूर टिपा. एकाच स्टुडिओची, एकाच पत्त्याची पाच-सहा कार्डं जमली आणि त्यांतल्या दोघांवर खरी तारीख असली, तर मधल्या क्रमांकांची जागा आपोआप लागते. असं एकेक कार्ड ओळीत बसताना बघण्यासारखं समाधान नाही.

---

नवाकोरा

पहिलाच प्रतिसाद. माझ्याकडे दोन सारखे फोटो शेजारी शेजारी डकवलेली लांबट कार्डं आहेत, दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघायची. त्यांना हीच मापं लागू होतात का? काही सपाट आहेत आणि काही मधून वाकलेली. वाकलेली दाबून सरळ करू का?

---

तांबट

नवाकोरा, स्वागत! आधी शेवटचं: अजिबात दाबू नका. ती मुद्दाम वक्र बनवलेली आहेत.

ही स्टिरिओ कार्डं. यांचा इतिहास थोडा स्वतंत्र आहे, पण कल ओळखीचा. सुरुवातीला काटकोनी कोपरे, पातळ पुठ्ठा, पांढरा-फिका किंवा राखाडी. १८६० च्या दशकात पिवळी आणि पुढे नारिंगी कार्डं वाढतात, त्या दशकाच्या शेवटाकडे कोपरे गोल होतात. वक्र पुठ्ठे १८७९ च्या सुमारास आले. वक्रतेमुळे बघताना खोलीचा भास वाढतो असं मानलं जाई, आणि कार्डही ताठ राहतं. तेव्हा तुमचा गठ्ठा दोन भागांत वेगळा करा. वाकलेली सगळी १८७९ च्या इकडची. सपाटांचं तसं उलट म्हणता येणार नाही, कारण सपाट कार्डं नंतरही निघत राहिली.

पाठीवर छापलेली गावांची किंवा दृश्यांची यादी असेल तर आपल्या दृश्याखाली खूण केलीय का बघा. एखादी इमारत किंवा पूल दिसत असेल तर तो बांधल्याचं साल शोधा, ते पुठ्ठ्यापेक्षा चोख.

---

सांजवात

एक विनंती, सगळ्यांनाच. पाठ बघायच्या उत्साहात आल्बममधून कार्डं ओढून काढू नका. खाचेतलं कार्ड खालून पातळ, गुळगुळीत पट्टी घालून हलकेच सरकवता येतं. डकवलेलं असेल तर राहू द्या, आणि आल्बमच्या पानाचा क्रमांक, शेजारी कोण आहे हे टिपून घ्या. क्रमसुद्धा पुरावा असतो.

फोटो पुठ्ठ्यावरून सोलण्याचा विचारही नको. चिकटपट्टी नको, बॉलपेनाने पाठीवर नावं लिहिणं नको. लिहायचंच तर मऊ पेन्सिल, कडेला, न दाबता.

आणि कातरलेली कार्डं. आल्बमच्या खाचेत बसावं म्हणून लोकांनी कोपरे छाटलेत, कॅबिनेट कार्डं कापून छोटी केलीत. छाटलेला कोपरा तिरका आणि चौघांचे चार असतो, कारखान्यातला गोल कोपरा चारही बाजूंना एकसारखा. सोनेरी कड एका बाजूला अचानक नाहीशी झाली असेल तर ती बाजू कापलेली आहे, तिथलं माप धरू नका.

---

अभ्रक

पानगळ, तुम्ही सांगितलं तसं भिंगाने बघितलं. टाचण्या नाहीत. पण बाईच्या खांद्यामागे, डाव्या अंगाला, एक फिकट वक्र रेघ वरपासून खालपर्यंत जाते, आणि तिच्या बाहेरचा भाग कुणीतरी कुंचल्याने रंगवून एकसारखा केलाय. कुंचल्याचे फटकारे दिसतात. कॉलरच्या जाळीचे बारकावे तर पार पुसलेत. सांजवात म्हणतात ती चंदेरी झाकही खालच्या कडेला आहे.

म्हणजे प्रत १८८९ नंतरची, आणि मूळ चित्र अंडाकृती चौकटीतलं, पंचवीस-तीस वर्षं आधीचं. बरोबर ना? मग आता मी नोंद कशी करू? एकच तारीख टाकायची जागा आहे माझ्या यादीत.

---

पानगळ

बरोबर. रेघेबाहेर रंगवलेला भाग म्हणजे मूळ चौकट लपवायचा प्रयत्न, नक्कल करताना हे काम हमखास करत.

यादीत रकाना वाढवा अभ्रक, तारीख एकात कोंबू नका. 'प्रत: १८८९ नंतर' आणि 'मूळ छबी: बहुधा १८६० चं दशक, पोशाखावरून' असं वेगळं लिहा, आणि प्रत्येकापुढे कारण. उद्या कुणाला मूळ कार्ड सापडलं तर त्याला नेमकं काय बदलायचं ते कळेल. ते मूळ कार्ड दुसऱ्या भावंडाच्या वंशात कुठेतरी असण्याची शक्यता आहे, तेव्हा नातेवाइकांकडे चौकशी करताना या बाईचं नाव विचारण्याबरोबर अंडाकृती चौकटीतला छोटा फोटो आहे का तेही विचारा.

स्कॅन टाकताना पुढची, पाठची आणि शेजारी मोजपट्टी ठेवून कडेची अशा तीन प्रतिमा द्या. दुसऱ्या पदकातलं साल वाचता येत नसेल तर त्यावर बाजूने तिरका उजेड टाकून बघा.